न्यू ऑर्लिन्समध्ये जाझ ऐकायचंय? आधी वार ठरवा, मग हॉल, मग हॉटेल

ह्यूस्टन, डॅलस, अटलांटाहून लाँग वीकेंडला न्यू ऑर्लिन्सला जाऊन आलेल्या मंडळींची तक्रार ठरलेली असते: जाझचं गाव म्हणतात, पण आम्हाला तर सगळीकडे रॉकची कव्हर गाणीच ऐकू आली. तक्रार खोटी नसते. शनिवारी रात्री नऊ वाजता, फ्रेंच क्वार्टर या गावाच्या जुन्या भागातल्या बर्बन स्ट्रीटच्या मधोमध उभं राहिलं की दुसरं काही ऐकू येणारच नाही.

चुकतो तो क्रम. लोक आधी हॉटेल घेतात, मग तिथून चालत कुठे जाता येईल ते बघतात, आणि कोण वाजवतंय हे दारात पोहोचल्यावर कळतं. या गावात चांगले वादक ठरलेल्या वारी ठरलेल्या जागी वाजवतात. एकच कलाकार आठवड्यात तीन वेगवेगळ्या बँडमधून, तीन वेगळ्या खोल्यांत दिसतो. म्हणून वार आणि नाव आधी पक्कं करायचं, बाकीचं त्यानंतर. पुढच्या पायऱ्या गुरुवार संध्याकाळ ते रविवार अशा बेतावर लिहिल्या आहेत. तुमचे दिवस वेगळे असले तरी क्रम तोच ठेवा.

## १. वर्षातला काळ निवडा (दोन-तीन महिने आधी)

फक्त संगीतासाठी जायचं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्चचा उत्तरार्ध ते मेचा पहिला पंधरवडा हे दोन काळ सोयीचे. हवा बरी असते, वादक गावात असतात आणि रविवारच्या मिरवणुका चालू असतात.

एप्रिलमधला फ्रेंच क्वार्टर फेस्टिव्हल रस्त्यावर आणि नदीकाठी होतो आणि त्याला तिकीट लागत नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस आणि मेच्या सुरुवातीला जाझ अँड हेरिटेज फेस्टिव्हल भरतो, तो फेअर ग्राउंड्स या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर. नावात जाझ असलं तरी मोठ्या मंचांवर पॉप आणि रॉकची मोठी नावं असतात. पारंपरिक जाझ हवं असेल तर थेट इकॉनॉमी हॉल टेंट गाठा, आधुनिक हवं तर जाझ टेंट, आणि दोन्हींच्या मध्ये तासभर गॉस्पेल टेंटमध्ये बसा. मैदानावरचे कार्यक्रम संध्याकाळी सातला संपतात आणि क्लबांतले त्यानंतर सुरू होऊन मध्यरात्र उलटेपर्यंत चालतात. दोन्ही पूर्ण करायचा हट्ट धरलात तर तिसऱ्या दिवशी पाय उठणार नाहीत.

ऑगस्टच्या सुरुवातीचा सॅचमो समरफेस्ट याच गावचे ट्रम्पेटवादक लुई ('सॅचमो') आर्मस्ट्राँग यांच्या ४ ऑगस्टच्या जन्मदिनाच्या आसपास असतो. मंच चांगले असतात, उकाडा मात्र मुंबईच्या मे महिन्याला मागे टाकेल असा. दुपारी वळीव हमखास.

सावध: मार्डी ग्रा या इथल्या कार्निव्हलच्या आठवड्यात (फेब्रुवारी किंवा मार्चची सुरुवात) संगीत ऐकायला जाऊ नका. रस्ते बंद, ट्राम अर्धवट, क्लब खचाखच, खोल्यांचे दर चढे. तो आठवडा मिरवणुकांसाठी राखलेला बरा. १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम असतो, त्या काळातली बुकिंगं रद्द करता येण्याजोगीच घ्या.

## २. वार आणि वादक पक्के करा (तीन आठवडे ते एक आठवडा आधी)

स्थानिक समुदाय रेडिओ डब्ल्यूडब्ल्यूओझेड (९०.७ एफएम) रोजच्या कार्यक्रमांची यादी आपल्या संकेतस्थळावर देतो, तिला 'लाइव्हवायर' म्हणतात. गावातले लोकही हीच यादी बघतात. कुठल्याही प्रवासी संकेतस्थळावरच्या 'टॉप टेन जाझ क्लब'पेक्षा ती भरवशाची.

ती अशी वापरा:

१. तुमच्या प्रत्येक रात्रीची यादी उघडा आणि जागेआधी बँडचं नाव वाचा.
२. अनोळखी नाव दिसलं की त्यांचं दोन मिनिटांचं वादन ऐका. पारंपरिक जाझ, ब्रास बँड, फंक, झायडेको (लुइझियानाचं अकॉर्डियनवरचं नाचाचं संगीत), पियानोवरचा रिदम अँड ब्लूज हे सगळं इथे एकाच रात्री असतं आणि एकाची आवड असणाऱ्याला दुसरं आवडेलच असं नाही.
३. रात्रीमागे एक पक्का कार्यक्रम आणि एक पर्यायी, एवढंच लिहून ठेवा. चार जागा लिहिणारा माणूस चारही दारांत उभा राहतो, बसत कुठेच नाही.
४. निघण्याच्या आदल्या दिवशी यादी पुन्हा बघा.

चौथा टप्पा सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो. मंगळवारची रात्र म्हणजे मेपल लीफ बार आणि रिबर्थ ब्रास बँड, असं समीकरण अनेक दशकं होतं. जुने लेख ते अजून छापतात. बँड दौऱ्यावर असतो, वार बदलतो, बदली वादक येतो. समीकरण पाठ असूनही त्या आठवड्याची यादी बघावीच लागते.

## ३. तिकिटं, ओळखपत्र, सुट्या नोटा

तिकीट आधी लागतं ते तीन ठिकाणी. १९६१ मध्ये सुरू झालेला प्रिझर्व्हेशन हॉल (७२६, सेंट पीटर स्ट्रीट) शंभरेक माणसांचा आहे. एका संध्याकाळी साधारण पाऊण तासाचे अनेक खेळ होतात. तिकीट काढताना ते राखीव बैठकीचं आहे की सर्वसाधारण, हे नीट वाचा. सर्वसाधारण तिकिटावर जमिनीवर, बाकावर किंवा मागे उभं राहायची तयारी हवी. आई-बाबा सोबत असतील तर इथे पैसे वाचवू नका. स्नग हार्बरला (६२६, फ्रेंचमेन स्ट्रीट) रात्री दोन खेळ असतात, श्रोते बसून आणि गप्प राहून ऐकतात. टिपिटिनाजला (५०१, नेपोलियन ॲव्हेन्यू) मोठं नाव असेल तर तिकिटं संपतात. एरवी दारात मिळतात.

ओळखपत्र. लुइझियानात मद्यपानाचं वय २१ आहे आणि दारावरचा माणूस पन्नाशीच्या माणसालाही ओळखपत्र मागतो. भारतातून आलेल्या पाहुण्यांकडे मूळ पासपोर्ट हवा. फोनमधला फोटो किंवा आधार कार्ड चालणार नाही. तुम्ही दारू पिता की नाही याचा इथे संबंध नाही, बारच्या दारातून आत जाण्यासाठीच ते लागतं.

मुलं. फ्रेंचमेन स्ट्रीट हा क्लबांचा रस्ता, तिथले बरेच क्लब २१ वर्षांखालच्यांना घेत नाहीत. प्रिझर्व्हेशन हॉलला वयाची अट नाही. जाझ म्युझियम, जॅक्सन स्क्वेअर, रविवारची मिरवणूक, जेवणाच्या जागी वाजणारे बँड हे मुलांसाठी. एकाने मुलं सांभाळायची आणि दुसऱ्याने क्लबात जायचं असा पाळीचा बेत निघण्याआधीच ठरवा, फुटपाथवर नको.

रोख. रात्रीमागे माणशी ३० ते ४० डॉलर, त्यातही एक आणि पाच डॉलरच्या नोटा जास्त. अनेक क्लबांत प्रवेश फुकट असतो, कारण वादकांची कमाई बादलीत पडणाऱ्या पैशांतून आणि बारच्या विक्रीतल्या वाट्यातून होते. पूर्ण सेट ऐकलात तर माणशी पाच डॉलर ही किमान रीत धरा, चांगला वाटला तर दहा. अनेक जागी 'एका सेटला किमान एक पेय' अशी पाटी असते. सोडा-लिंबू किंवा साधा कोक चालतो. पाण्याचा ग्लास मागून दोन तास बसणं वाईट दिसतं.

तपासणी: घरातून निघण्याआधी फोनमध्ये तिकिटं उतरवून घेतली का? पासपोर्ट सोबत? फोमचे इअरप्लग घेतले? छोट्या खोलीत तीन ट्रम्पेट, दोन ट्रॉम्बोन आणि एक सुसाफोन (मोठ्या तोंडाचं, खर्जातलं पितळी वाद्य) एकत्र वाजतात तेव्हा हौशी माणसाचेही कान दुखतात. लहान मुलांना कानावर बसणारे इअरमफ हवेतच.

## ४. आता हॉटेल

बर्बन स्ट्रीटवरची खोली झोपेसाठी निरुपयोगी. बाल्कनीवाली असेल तर आणखीच. फ्रेंच क्वार्टरचा एस्प्लनेड ॲव्हेन्यूकडचा टोकाचा भाग, किंवा त्याला लागून असलेलं मॅरिनी, इथून फ्रेंचमेन स्ट्रीट पाच-दहा मिनिटांवर येतो. कुटुंबासोबत असाल तर कॅनाल स्ट्रीटच्या पलीकडचा बिझनेस डिस्ट्रिक्ट ठीक: ट्राम दारात, लिफ्ट, मोठ्या खोल्या. सेंट चार्ल्स ॲव्हेन्यूवरची हॉटेलं शनिवारच्या, अपटाउन या भागातल्या रात्रीसाठी सोयीची आहेत.

फ्रेंच क्वार्टरच्या बहुतांश भागात राहती घरं अल्प मुदतीने पर्यटकांना द्यायला बंदी आहे. तिथला स्वस्त फ्लॅट जाहिरातीत दिसला तर शहराचा परवाना क्रमांक आहे का बघा. नसेल तर सोडून द्या.

ह्यूस्टनहून गाडीने येणारे (सुमारे ५६० किलोमीटर, आय-१० वरून साडेपाच ते सहा तास) दुसरी चूक करतात ती पार्किंगची. क्वार्टर आणि मॅरिनीतल्या गल्ल्यांत बाहेरच्या गाड्यांना वेळेची मर्यादा असते, पाट्या झाडाआड असतात आणि मिरवणुकीच्या मार्गावरची गाडी उचलून नेतात. हॉटेलच्या पार्किंगचे पैसे आधीच हिशोबात धरा आणि गाडी परतीच्या दिवसापर्यंत तिथेच राहू द्या.

## ५. दिशा समजून घ्या

मिसिसिपी नदी या गावाभोवती वळसा घेते, त्यामुळे पूर्व-पश्चिम सांगून कुणी पत्ता देत नाही. नदीकडची बाजू, तळ्याकडची बाजू, अपटाउन म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगाला, डाउनटाउन म्हणजे खालच्या अंगाला. डाउनटाउन म्हणून उंच इमारतींकडे चालत गेलात तर फ्रेंचमेनच्या बरोबर उलट दिशेला जाल.

दुभाजकाला इथे 'न्यूट्रल ग्राउंड' म्हणतात. ट्राम त्यावरूनच धावते, तिला स्ट्रीटकार म्हणायचं. भाडं सव्वा डॉलर, सुटे हातात ठेवा किंवा 'ले पास' ॲपवरून दिवसाचा पास घ्या. सेंट चार्ल्सची हिरवी स्ट्रीटकार देखणी आहे आणि संथ आहे. वेळेवर पोहोचायचं असेल तर तिच्यावर विसंबू नका.

रस्त्यांची नावं फ्रेंच दिसतात, उच्चार मात्र गावाचे. बर्गंडीत जोर 'गं'वर, कॉन्टीचं 'कॉन्टाय', चार्ट्र नव्हे 'चार्टर्स', आणि टिपिटिनाजच्या कोपऱ्यावरचा रस्ता 'चॉपिटूलस'. टॅक्सीवाल्याला तसंच सांगा.

## ६. दुपारी काय बघायचं आणि काय शोधायचं नाही

संगीताचा वारसा दाखवणाऱ्या जागा दिवसा उरकायच्या. रात्री त्या बंद असतात आणि काहींच्या आसपास तेव्हा एकट्याने फिरू नये.

सुरुवात एस्प्लनेड ॲव्हेन्यूच्या टोकाला, जुन्या टांकसाळीच्या इमारतीतल्या न्यू ऑर्लिन्स जाझ म्युझियमपासून करा (४००, एस्प्लनेड). आर्मस्ट्राँग यांनी पोरवयात सुधारगृहाच्या बँडमध्ये वाजवलेलं कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं, पण आखूड वाद्य) इथे जपलं आहे. वरच्या मजल्यावरच्या छोट्या सभागृहात दुपारी मोफत कार्यक्रम असतात, काही नॅशनल पार्क सर्व्हिसचे रेंजर स्वतः वाजवतात. आवाजाची रचना उत्तम, माणसं कमी, मुलं चालतात. क्लबात जाण्याआधी कान तयार करायला याहून बरी जागा नाही, आणि तरीही निम्मे पर्यटक ती वगळतात. सोमवारी बंद, एरवी दुपारी चारला आवरतं घेतात. फ्रेंचमेन स्ट्रीट इथून समोरच.

तिथून काँगो स्क्वेअर. नॉर्थ रॅम्पार्ट स्ट्रीटवरच्या लुई आर्मस्ट्राँग पार्कच्या आत ही फरसबंद मोकळी जागा आहे. गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकी लोक रविवारी इथे ढोल वाजवायला, नाचायला, बाजार भरवायला जमत. १८१७ च्या नगर-वटहुकमाने असे मेळावे एकाच जागेपुरते मर्यादित केले, ती ही जागा. रविवारी दुपारी अजूनही ढोलवादक जमतात. उद्यानाची फाटकं संध्याकाळी लागतात, त्यामुळे चारच्या आत जा.

त्याच्या मागे ट्रेमे वस्ती. बॅकस्ट्रीट कल्चरल म्युझियम (१५३१, सेंट फिलिप स्ट्रीट) हे सिल्व्हेस्टर फ्रान्सिस यांनी उभं केलेलं छोटं संग्रहालय. मार्डी ग्रा इंडियन मंडळींचे (अमेरिकेतल्या मूळनिवासींच्या धर्तीवर सजणारे इथले कृष्णवर्णीय लोक, भारतीय नव्हेत) मण्या-पिसांचे पोशाख हाताच्या अंतरावरून बघायला मिळतात. ते जुन्या पत्त्यावरून हलवलं आहे, नकाशात जुनी नोंद दिसली तर तिकडे जाऊ नका.

हे शोधण्यात वेळ घालवू नका: आर्मस्ट्राँग यांचं जन्मघर १९६४ मध्ये पाडलं गेलं. साउथ रॅम्पार्टवरचं कार्नोफ्स्की कुटुंबाचं दुकान, जिथे ते लहानपणी काम करत, ते ऑगस्ट २०२१ च्या आयडा वादळात कोसळलं. फ्रेंच ऑपेरा हाउस १९१९ मध्येच जळालं. या तिन्ही जागा जुन्या मार्गदर्शिकांत 'बघण्यासारखं' म्हणून छापलेल्या सापडतात. उलट लासाल स्ट्रीटवरचं ड्यू ड्रॉप इन, जिथे रिदम अँड ब्लूजची एक पिढी घडली, ते अनेक वर्षं बंद राहून २०२४ मध्ये हॉटेल आणि संगीतगृह म्हणून पुन्हा उघडलं आहे. जुन्या लेखात ते 'बंद' असेल.

## ७. गुरुवार आणि शुक्रवार: फ्रेंचमेन आणि प्रिझर्व्हेशन हॉल

गुरुवारी फ्रेंचमेन करा, कारण शनिवारी तिथे बॅचलर पार्ट्यांची गर्दी असते.

क्लबांचा पट्टा तीन-चार चौकांचा आहे. संध्याकाळी सहाला पोहोचा. आपल्याकडची मंडळी जेवून, आवरून नऊला निघतात, तेव्हा दारापर्यंत माणसं असतात आणि पहिला, बहुधा जास्त पारंपरिक बँड वाजवून गेलेला असतो. सहाच्या सुमाराला स्पॉटेड कॅटमध्ये (६२३) खुर्चीही मिळू शकते. वादक दाराशेजारी, खिडकीला पाठ लावून असतात, म्हणून आत शिरल्यावर तिथेच थांबू नका, ट्रॉम्बोनची नळी तुमच्या कोपरावर येईल. मागच्या भिंतीकडे सरका. समोरच्या बाजूला डीबीए (६१८) थोडं मोठं, लाकडी, आवाजाला चांगलं. ब्लू नाइलमध्ये (५३२) ब्रास बँड आणि फंक जास्त, तिथे नाचायची तयारी ठेवून जा.

साडेआठच्या सुमाराला जेवा. खिडकीतून ऐकून नंतर आत जाणं इथे मान्य आहे. दहा मिनिटं फुटपाथवर उभं राहून ऐकलं तरी बादली फिरली की दोन डॉलर टाका.

शुक्रवारी आधी प्रिझर्व्हेशन हॉलचा पहिला किंवा दुसरा खेळ, मग स्नग हार्बरचा उशिराचा. दोन्हींमध्ये चालत वीस मिनिटांचं अंतर आहे, म्हणून मधे किमान सव्वा तासाचं अंतर ठेवून तिकिटं काढा. डेकेटर स्ट्रीटवरून जा, तो उजेडाचा आणि वर्दळीचा आहे.

प्रिझर्व्हेशन हॉलमध्ये:

- खेळाच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी रांगेत. सर्वसाधारण तिकिटावर जागा रांगेच्या क्रमाने.
- स्वच्छतागृह आणि पोटपूजा आधीच उरका. आत जेवण नाही.
- वादन चालू असताना फोटो, व्हिडिओ, ध्वनिमुद्रण काहीच नाही. 'फक्त दहा सेकंद' म्हणणाऱ्याला सगळ्यांसमोर टोकतात.
- फर्माईश पैसे देऊन करतात. तिथली जुनी पाटी प्रसिद्ध आहे: पारंपरिक गाणं २ डॉलर, इतर ५, आणि 'सेंट्स' ('व्हेन द सेंट्स गो मार्चिंग इन' हे गाणं) हवं असेल तर १०. रोज रात्री तेच एक गाणं मागणाऱ्यांना वादकांनी दिलेलं हे उत्तर. तुम्ही दुसरं काही मागा, किंवा काहीच नको.

आणि बर्बन स्ट्रीट? एकदा चालून या. ७३३ क्रमांकावरचं फ्रिट्झल्स हा तिथला अपवाद, १९६९ पासून चालू, लहान बाकं, पारंपरिक जाझ. रस्त्यात कुणी 'तुमचे बूट कुठून आले ते ओळखून दाखवतो' म्हणून पैज लावली तर थांबू नका. इंग्रजी प्रश्नाचा 'बूट कुठे आहेत' असा अर्थ काढून 'बर्बन स्ट्रीटवर, तुमच्या पायात' हे उत्तर देऊन तो वीस डॉलर मागतो. पेय प्लास्टिकच्या ग्लासातून रस्त्यावर न्यायला परवानगी आहे, काचेची बाटली नाही.

## ८. ऐकायचं कसं

हा भाग तीन रात्रींपैकी पहिल्या रात्रीआधी वाचा.

पारंपरिक बँडमध्ये ट्रम्पेट किंवा कॉर्नेट चाल धरतं, क्लॅरिनेट तिच्या वरच्या अंगाने नक्षी काढत जातं, ट्रॉम्बोन खालून सूर ओढत दोघांना सांधतो. तिघं एकाच वेळी वाजवतात, कुणी कुणाची साथ करत नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला गोंधळ वाटतो. उपाय सोपा: एक अख्खं गाणं फक्त क्लॅरिनेटच्या मागे जा, पुढचं फक्त ट्रॉम्बोनच्या. तिसऱ्या गाण्याला तिन्ही आपोआप वेगळे ऐकू येतात. मुंबईच्या हॉटेलांत वाजवणारे गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांना 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणत. हिंदी चित्रपटसंगीतात त्यांच्यासारख्यांचं ट्रम्पेट ऐकलेल्या कानाला इथला सूर फार परका वाटत नाही.

ब्रास बँड ही चालत वाजवायची गोष्ट. म्हणून पियानो नाही, उभा बास नाही. बासचं काम अंगाभोवती गुंडाळलेला सुसाफोन करतो आणि ड्रमसेटचे दोन तुकडे होतात: एकाच्या गळ्यात स्नेअर, दुसऱ्याच्या गळ्यात झांज लावलेला मोठा ढोल. मोठ्या ढोलाकडे लक्ष द्या. लष्करी कवायतीच्या ठेक्यातली चौथी मात्रा मधूनच जोरात पडते, तिथून सगळी झुलण उगवते.

टाळी वाजवायची ती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. भजनात समेवर टाळी द्यायची आपल्या हाताला सवय असते, त्यामुळे आपला हात पहिल्या आणि तिसऱ्यावर पडतो आणि शेजारचे वळून बघतात. शंका आली तर स्नेअरकडे बघा, तो जिथे पडतो तिथे टाळी. एका वादकाची एकल फेरी संपली की लगेच दोन-तीन सेकंद टाळ्या, आणि थांबा, कारण पुढच्याची सुरू झालेली असते.

## ९. शनिवार: क्वार्टर सोडून अपटाउन

शनिवारची रात्र क्वार्टरबाहेर काढा. दोनपैकी एकच जागा निवडा, दोन्हींत तीन-चार मैलांचं अंतर आहे.

टिपिटिनाज १९७७ पासून आहे, नाव पियानोवादक प्रोफेसर लाँगहेअर यांच्या गाण्यावरून. उभं राहून ऐकायची मोठी खोली, वर सज्जा. सज्ज्याच्या कठड्याशी जागा मिळवायची तर दार उघडताच जा. मेपल लीफ (८३१६, ओक स्ट्रीट) लांबट, अरुंद, नक्षीदार पत्र्याच्या छताचा बार. पियानोवादक जेम्स बुकर इथे नेमाने वाजवत. बँड पुढे, श्रोते मागपर्यंत चिकटून, आणि श्वास घ्यायला मागचं अंगण. छापलेल्या वेळेपेक्षा अर्धा तास उशिरा सुरू झालं तर तक्रार करू नका.

जाताना स्ट्रीटकारने जा: सेंट चार्ल्सवरून, कॅरोल्टनच्या वळणानंतर ओक स्ट्रीटला उतरा, तिथून दोन चौक. पाऊण तास धरा. परतताना कॅब. मध्यरात्रीनंतर स्ट्रीटकारच्या फेऱ्या विरळ होतात आणि थांब्यावर तासभर उभं राहणं शहाणपणाचं नाही. टिपिटिनाजसाठी तर जातानाही कॅब बरी, नेपोलियनच्या थांब्यापासून पुढे मैलभर चालावं लागतं.

नाचायची हौस असेल आणि गुरुवार मोकळा असेल तर कॅरोल्टनवरचं रॉक अँड बोल: एका बाजूला बोलिंग, दुसऱ्या बाजूला अकॉर्डियन आणि रबबोर्डवरचं (छातीवर अडकवून घासायचा खाचांचा पत्रा) झायडेको. गुरुवार हा त्याचा परंपरेचा वार.

## १०. रविवार: सेकंड लाइन

ऑगस्टअखेरपासून जूनपर्यंत बहुतेक रविवारी दुपारी एखादा 'सोशल एड अँड प्लेझर क्लब' आपली वार्षिक मिरवणूक काढतो. क्लबचे सदस्य आणि बँड ही पहिली ओळ, मागून नाचत येणारे सगळे ती दुसरी ओळ, सेकंड लाइन. साधारण चार तास, मधे ठरलेले थांबे. मार्ग डब्ल्यूडब्ल्यूओझेडच्या संकेतस्थळावर त्याच आठवड्यात येतो. हॉटेलमार्फत पैसे देऊन ठरवलेली लग्नाची छोटी सेकंड लाइन वेगळी, तिच्यात अनाहूत घुसू नका.

क्रम असा:

१. मार्गपत्रिका फोनमध्ये ठेवा. सुरुवातीच्या जागेपेक्षा पहिल्या किंवा दुसऱ्या थांब्यावर उभं राहणं सोपं.
२. सदस्य आणि बँड यांच्यामध्ये शिरू नका. दोरखंड धरलेले लोक असतात, त्या दोराच्या बाहेर राहा.
३. बँडच्या बाजूने, सुसाफोनच्या थोडं मागे चाला. तिथे ठेका सर्वात स्पष्ट आणि ट्रम्पेटांची तोंडं तुमच्याकडे नसतात.
४. पाणी आणि खाणं गाडीवाल्यांकडून घ्या, रोख द्या.
५. फोटो घ्यायचा तर जवळून घेण्याआधी विचारा. मार्डी ग्रा इंडियन पोशाखाला हात लावू नका, तो वर्षभर एकेक मणी ओवून झालेला असतो.
६. निघायचं असेल तर थांब्यावर निघा. तोवर तुम्ही सुरुवातीपासून दोन-तीन मैल दूर असता, म्हणून कॅब मिरवणुकीपासून दोन चौक लांब बोलवा. जवळ ती पोहोचतच नाही.

सावध: काळ्या कपड्यांतले लोक, संथ चाल, शवपेटी दिसली तर ती अंत्ययात्रा आहे. बाजूला व्हा, टोपी काढा, फोन खिशात. घरच्यांनी बोलावलं तरच मागे चाला.

## खाण्याबद्दल थोडंसं

शाकाहारी मंडळींनी नावावर जाऊ नये. रेड बीन्स अँड राइस राजम्यासारखं दिसतं, पण त्यात बहुधा सॉसेज किंवा डुकराच्या मांसाचा तुकडा शिजलेला असतो. गंबोचा रस्सा मांसाचा किंवा कोळंबीचा, आणि हिरव्या पालेभाज्याही अनेकदा तशाच शिजवतात. 'नो मीट' म्हणून भागत नाही, 'स्टॉक कशाचा?' असं विचारा. संध्याकाळी सहाला क्लब गाठायचा असल्याने दुपारी तीनला भरपेट जेवून घेणं हा सर्वात सोयीचा मार्ग.

## रविवार पावसाने गेला तर

सेकंड लाइन पावसामुळे पुढे ढकलतात आणि ते सकाळीच कळतं. अशा वेळी जाझ म्युझियमचा दुपारचा कार्यक्रम आहे का बघा, नसेल तर क्वार्टरमध्ये जाझ ब्रंच देणारी उपाहारगृहं आहेत. कोर्ट ऑफ टू सिस्टर्स हे त्यातलं एक. बेत महाग पडतो, पण त्रिकूट तुमच्या टेबलाशेजारी वाजवत असतं आणि मुलांनाही चालतं. पाऊस थांबला की नदीकाठी जा, नाचेझ या स्टीमबोटीच्या छतावरचं वाफेवर वाजणारं कॅलिओपी फेरीआधी वाजतं आणि ते काठावरून फुकट ऐकू येतं. सूर थोडे बेसूर असतात, वाफेचा दाब बदलला की पट्टी हलते. ह्यूस्टनला गाडीने परतायचं असेल तर चारच्या आधी निघा, नाहीतर बॅटन रूजचा पूल ओलांडायलाच तास जाईल.